विश्लेषण : पडद्यावर ठीक, बरणीवर चूक! घरगुती मसाल्याच्या लेबलची फाइल छपाईत नेमकी कुठे बिघडते?

वसई पश्चिमेच्या पापडी परिसरात उन्हाळा म्हणजे मिरच्या वाळवण्याचा आणि वर्षाचा बाटली मसाला भरून ठेवण्याचा हंगाम. डिसेंबरात केक, कुलकुल आणि मिल्क क्रीमची धांदल असते. मधल्या काळात लोणची असतात आणि राजेळी केळ्यांची सुकेळीही. हा माल घरात आणि नातेवाइकांत जातो तोवर बरणीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी पुरते. दुकानाच्या फळीवर किंवा ऑनलाइन विक्रीला ठेवायचा म्हटले की छापील लेबल लागते. मग मोबाइलवर एखाद्या मोफत अ‍ॅपमध्ये लेबल तयार होते, व्हॉट्सअ‍ॅपवरून प्रेसकडे जाते आणि चार दिवसांनी हजार लेबलांचा गठ्ठा घरी येतो. वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटलेली, हिरवा ठिपका काळपट, बारकोड स्कॅन होत नाही. पैसे मात्र दिलेले असतात.

मसाला उत्तम असूनही लेबलपायी माल अडकतो, तेव्हा बहुतेक वेळा यंत्र किंवा कागद चुकलेला नसतो. चूक आधीच फाइलमध्ये असते.

मोबाइलवर छान दिसते, मग कागदावर का नाही?

मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. छपाईत मात्र निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर चढतात. प्रकाशाने दिसणारे सगळे रंग शाईत उतरत नाहीत. झगझगीत पोपटी, गडद केशरी, विजेरी निळा हे रंग छापताना मंदावतात. मिरचीचा लाल आणि हळदीचा पिवळा तुलनेने बरे येतात, हे मसालेवाल्यांचे नशीब. म्हणून फाइल सुरुवातीपासूनच ‘सीएमवायके’ पद्धतीत करावी. शेवटी रूपांतर केले की रंग कुठे घसरला ते छापून आल्यावरच कळते.

बारीक मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवावा. चारही शायांतून बनवलेला काळा पडद्यावर भारदस्त दिसतो, पण छापताना एखादी शाई केसभर सरकली तरी ‘घटक’ या शब्दाभोवती गुलाबी सावली पडते. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे हवी असतील तर ती जाड आणि मोठी घ्यावीत. शाई पसरली की ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक आधी जातो.

दुसरा मुद्दा स्पष्टतेचा. छपाईसाठी चित्राचा दर्जा इंचाला 300 बिंदू धरतात. लेबलवर 50 मिलिमीटर रुंद छायाचित्र हवे तर मूळ चित्र सुमारे 590 पिक्सेल रुंद हवे. आजच्या फोनला हे अवघड नाही. पण तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून पाठवले की दाबले जाते आणि अक्षरांच्या कडा भुरकट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर फाइल जशीच्या तशी पोहोचते. ही एवढी काळजी घेतली तरी निम्मी भुरकट लेबले टळतील. बोधचिन्ह, ठिपका, बारकोड आणि मजकूर हे तर चित्र म्हणून नव्हे, रेषांच्या रूपात, म्हणजे व्हेक्टरमध्येच हवेत.

कापताना पाते अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. त्यासाठी पार्श्वभूमीचा रंग कापण्याच्या रेषेबाहेर 2 ते 3 मिलिमीटर वाढवून द्यायचा. प्रेसच्या भाषेत हा ‘ब्लीड’. तेवढेच अंतर आतल्या बाजूला मजकुरापासून सोडायचे. ब्लीड नसेल तर लेबलच्या कडेला पांढरी रेघ दिसते, आणि आतले अंतर नसेल तर किमतीतला शेवटचा शून्य कापला जाण्याची भीती असते.

‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ म्हणजे काय?

छोट्या प्रेसमध्ये आजही बहुतेक काम कोरल ड्रॉवर चालते, आणि ग्राहकाला पहिली सूचना हीच मिळते. फाइलमधला मजकूर अक्षर म्हणून न ठेवता त्याच्या बाह्यरेषेचे चित्र करायचे, म्हणजे ‘कर्व्ह’ करायचे. मग समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही. इंग्रजी मजकुरासाठी हा नियम पुरेसा आहे. मराठीत खरी अडचण इथूनच सुरू होते.

देवनागरीत अक्षरे नुसती शेजारी मांडून भागत नाही. ‘किलो’ लिहिताना वेलांटी टंकलेखनात ‘क’नंतर येते, दिसते मात्र आधी. ‘शुद्ध’मधील द आणि ध एकमेकांत गुंततात. ‘दुसऱ्या बरणीत काढून ठेवा’ या सूचनेत ‘ऱ्या’चा अर्धा र वेगळ्याच आकाराचा असतो. ही जोडणी सॉफ्टवेअरने करायची असते. युनिकोडमधला मजकूर अशी जोडणी न समजणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की वेलांटी उलट्या बाजूला उडी मारते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. कोरल ड्रॉमध्ये ही सोय 2012च्या एक्स6 आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्त्या जिथे वापरात आहेत तिथे युनिकोड मजकूर तुटतो. अडोबी इलस्ट्रेटर नवा असला तरी परिच्छेदाच्या पर्यायांत दक्षिण आशियाई लिप्यांचा ‘कंपोझर’ निवडावा लागतो. तो निवडला नाही की महागड्या सॉफ्टवेअरमध्येही ‘मिरची’ची वाट लागते.

जुन्या प्रेस यावर श्रीलिपीसारख्या फॉन्टनी मार्ग काढतात. या पद्धतीत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असतो. फॉन्ट संगणकात आहे तोवर मजकूर नीट दिसतो. नसेल तर ‘हळद’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची रांग उभी राहते. ग्राहकाने मोबाइलवरून पाठवलेला युनिकोड मजकूर या पद्धतीत आणायचा तर तो बदलून घ्यावा लागतो किंवा पुन्हा टाइप करावा लागतो, आणि पुन्हा टाइप करताना नवी चूक शिरते. ₹ हे चिन्ह 2010 मध्ये स्वीकारले गेले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाहीच, त्यामुळे किमतीपुढे रिकामा चौकोन छापून येतो.

कर्व्ह करताना हेच लक्षात घ्यायचे. मोडलेली वेलांटी कर्व्ह केली की ती मोडलेल्याच अवस्थेत गोठते, पुढे कोणीही टाइप करून ती सुधारू शकत नाही. म्हणून आधी प्रत्येक जोडाक्षर मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहावे, मग कर्व्ह करावे आणि नंतर पुन्हा एकदा वाचावे. अक्षरे असलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी. प्रेसला द्यायची ती कर्व्ह केलेली पीडीएफ. सोबत लेबल कसे दिसायला हवे याचे एक साधे चित्र दिले की प्रेसमधील ऑपरेटरला तुलना करता येते. ऑपरेटरला मराठी वाचता येत नसेल तर हे चित्रच त्याचा आधार.

फॉन्ट निवडतानाही एक बारकावा आहे. राज्य सरकारने 6 नोव्हेंबर 2009च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेची आणि अक्षररूपांची प्रमाण पद्धत ठरवली. त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे. बाजारातील बरेच मोफत देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. छपाईच्या दृष्टीने ते चूक नाहीत, पण आजीच्या हातचा मसाला म्हणून विकायचा आणि ‘लसूण’चा ल दिल्लीचा वापरायचा, हे डोळ्याला खुपते.

ही तक्रार तशी चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले, ते मराठीत असूनही रोमन लिपीत, कारण मराठी अक्षरांचे खिळे उपलब्ध नव्हते. आज अक्षरे आहेत, ती एका संगणकातून दुसऱ्यात धडपणे पोहोचवायची एवढेच बाकी आहे.

लेबल फक्त मराठीत चालते का?

नाही. अनेकांना हे लेबल छापून झाल्यावर कळते. अन्नसुरक्षा व मानके लेबलिंग आणि प्रदर्शन विनियम, 2020 नुसार अनिवार्य माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत हवी. आवेष्टित वस्तूंबाबतच्या 2011च्या वैधमापन नियमांतही तसेच आहे. मराठी ‘जादा भाषा’ म्हणून वापरता येते. लिपी एकच असली तरी मराठीतील ‘निव्वळ वजन’ हा हिंदी मजकूर ठरत नाही.

आकड्यांचेही तसेच. वजन आणि किंमत आंतरराष्ट्रीय रूपातील भारतीय अंकांत, म्हणजे 250 असे लिहायचे. देवनागरी अंक शोभेला कितीही चांगले दिसले तरी इथे नकोत. ग्रॅमसाठी चिन्ह म्हणजे इंग्रजी छोटा ‘जी’. ‘जीएमएस’ हे सर्रास दिसणारे रूप प्रमाण नाही.

याचा थेट परिणाम फाइलच्या मांडणीवर होतो. घटक, वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता, 14 अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, तारखा आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, हे सगळे इंग्रजीत बसवून उरलेल्या जागेत मराठी. मराठी अक्षराला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने त्याच मापातला मजकूर इंग्रजीपेक्षा लहान दिसतो आणि जास्त ओळी खातो. महाराष्ट्रात बनणाऱ्या, महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मसाल्याच्या लेबलवर मराठीने अंग चोरून बसायचे, हा नियमाचा दोष आहे. तो बदलावा अशी मागणी रास्तच ठरेल. तोवर मांडणी मात्र असलेल्या नियमानेच करावी लागेल.

हिरवा ठिपका कुठेही, कसाही लावता येतो?

शाकाहारी पदार्थासाठी हिरव्या चौकटीत हिरवा भरीव ठिपका. लेबलचा मुख्य दर्शनी भाग 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर ठिपक्याचा व्यास किमान 3 मिलिमीटर आणि चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. 100 ते 500 चौरस सेंटिमीटरला 4 मिलिमीटर. जागा पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ. ठिपका हिरवाच हवा, त्यामुळे एका काळ्या रंगात लेबल छापून पैसे वाचवण्याचा बेत इथे फसतो.

मांसाहारी चिन्हात 2020च्या विनियमांनी बदल केला. पूर्वी तपकिरी ठिपका होता, आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण आहे. इंटरनेटवर शोधले की जुनी चिन्हे आजही वर येतात आणि तीच उचलली जातात. वसईत याचा संबंध फक्त कोळंबीच्या लोणच्याशी नाही. अंडे घातलेला नाताळचा केकही नियमानुसार मांसाहारी गटात मोडतो. मसाल्याच्या लेबलची फाइल उघडून नाव बदलले आणि केकवर तोच हिरवा ठिपका राहिला, तर ती निव्वळ मुद्रणदोषाची बाब राहत नाही.

ही मापे मिलिमीटरमध्ये आहेत हे महत्त्वाचे. फाइल खऱ्या मापात, एकास एक प्रमाणात बनवली नाही आणि प्रेसने ‘थोडे लहान करून बसवतो’ म्हटले, की 3 मिलिमीटरचा ठिपका अडीचचा होतो आणि लेबल नियमाबाहेर जाते. प्रेसवाल्याचा त्यात दोष नसतो. त्याला फक्त एक चित्र कागदावर मावत नाही एवढेच दिसते.

बरणी गोल असते, त्याचे काय?

70 मिलिमीटर व्यासाच्या बरणीचा घेर साधारण 220 मिलिमीटर भरतो. पूर्ण वेढा घेणारे लेबल हवे तर चिकटण्यासाठी 3 ते 5 मिलिमीटर जास्त धरावे. बरणी खाली निमुळती असेल तर सरळ आयत तिच्यावर तिरका बसतो, तिथे कमानीसारखे लेबल लागते. हिशेबापेक्षा सोपा उपाय म्हणजे घरच्या प्रिंटरवर शंभर टक्के मापात साधी प्रत काढून, कात्रीने कापून बरणीवर गुंडाळून बघणे. अक्षरे वाचायला बरणी किती फिरवावी लागते तेही लगेच समजते.

बाटली मसाला परंपरेने गडद काचेत भरतात. त्यावर पारदर्शक स्टिकर सुंदर दिसेल असे वाटते, पण छपाईच्या रंगीत शाया पारदर्शक असतात. खाली पांढरी शाई नसेल तर तपकिरी काचेवर पिवळा मातकट होतो आणि हिरवा ठिपका जवळजवळ नाहीसा होतो. पांढऱ्या शाईचा थर फाइलमध्ये स्वतंत्र रंग म्हणून, वेगळ्या लेअरवर दाखवावा लागतो आणि पांढरी शाई असलेले यंत्र प्रत्येक प्रेसकडे नसते. हे आधी विचारावे. ते जमत नसेल तर पांढरा स्टिकर कागद घेऊन वर लॅमिनेशन करावे. तेलकट हात लागणाऱ्या लोणच्याच्या बरणीला तर लॅमिनेशन हवेच.

लेबलचा आकार गोल किंवा नक्षीदार असेल तर कटिंगची रेषाही वेगळ्या लेअरवर, वेगळ्या रंगात द्यायची आणि ती छापायची नाही असे स्पष्ट लिहायचे. नाहीतर ती रेषा लेबलभोवती गुलाबी काठ बनून येते.

बारकोड का वाचला जात नाही?

दुकानांत चालणारा 13 अंकी बारकोड पूर्ण मापात, दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसह 37.29 मिलिमीटर रुंद असतो. तो 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे 30 मिलिमीटरपर्यंत लहान करता येतो. त्याखाली गेले की स्कॅनरचा भरवसा नाही. बाजूची मोकळी जागा हा बारकोडचाच भाग आहे. तिथे पानाफुलांची नक्षी घुसवली की तो बंद पडतो. रंग पांढऱ्यावर काळा. लाल रेघांचा बारकोड माणसाला दिसतो, पण लाल प्रकाशाच्या स्कॅनरला तो कोरा कागदच वाटतो. लहान घेराच्या बाटलीवर बारकोड आडवा फिरवून, शिडीच्या पायऱ्यांसारखा लावावा, म्हणजे रेघा वळणात हरवत नाहीत. भारतातील 890 ने सुरू होणारे क्रमांक जीएस1 इंडियाकडून मिळतात. दुसऱ्याच्या पाकिटावरचा क्रमांक नमुना म्हणून टाकून तो तसाच छापला गेला, तर स्कॅन केल्यावर त्याचाच माल बिलात येईल.

चूक झालीच तर वर स्टिकर लावता येतो?

हा सगळ्यांना सुचणारा उपाय नियमांत बसत नाही. वैधमापन नियमांनुसार अनिवार्य माहिती देण्यासाठी किंवा बदलण्यासाठी पाकिटावर वेगळा स्टिकर लावण्यास मनाई आहे. अपवाद किंमत कमी करण्याचा, आणि तेव्हाही मूळ किंमत झाकायची नाही. चुकीचे लेबल लावून माल विकला आणि तो चुकीच्या लेबलचा अन्नपदार्थ ठरला, तर अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006च्या कलम 52 नुसार तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चूक दुरुस्त करण्याचा किंवा माल नष्ट करण्याचा आदेशही देता येतो. हजार लेबले रद्दीत गेली तर नुकसान हजार लेबलांचेच होते. ती बरण्यांना लागली की आतला मसालाही पणाला लागतो.

मग जबाबदारी कोणाची?

व्यवहारात ती ग्राहकाचीच. प्रेस प्रूफ पाठवते, समोरून ‘ओके’ येतो आणि त्यानंतरची चूक ग्राहकाच्या खात्यावर जाते. ही पद्धत अन्यायाची नाही, प्रेसने प्रत्येकाचा परवाना क्रमांक तपासावा अशी अपेक्षा कोण करणार? पण घरातल्या बाईने मोबाइलच्या पडद्यावर प्रूफ बघून, स्वयंपाकघरातून दिलेला ‘ओके’ आणि कंपनीच्या कायदा विभागाने दिलेला ‘ओके’ यांना एकाच तागडीत तोलले जाते, हेही खरे.

केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत 2020 पासून यंत्रांसाठी प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. ब्रँडिंग आणि विपणनासाठी 50 टक्के मदत आहे, ती गटांना. एकट्या महिलेला पल्वरायझर मिळू शकतो, लेबल मात्र तिने पैसे वाया घालवून शिकायचे. अन्न व औषध प्रशासन आणि वैधमापन यंत्रणेने मिळून बरणी, पाकीट आणि बाटलीच्या नेहमीच्या मापांच्या चार-पाच कोऱ्या फाइल मोफत उपलब्ध करून द्याव्यात. त्यात योग्य मापाची चिन्हे, इंग्रजी मजकुराच्या जागा आणि त्याखाली मराठी असावे. हे काम एका चांगल्या डिझायनरला आठवड्याचे आहे. नियमावलीची पाने वाचायला सांगण्यापेक्षा तिचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

पहिल्यांदा किती छापावीत?

थोडी. डिजिटल छपाईत प्लेट लागत नाही, त्यामुळे शंभर-दोनशे लेबलेही काढता येतात. ऑफसेटला प्लेटचा खर्च सुरुवातीलाच होतो, म्हणून तिथे हजारांत छापले तरच परवडते. एकगठ्ठा छापण्याचा मोह दर कमी पडतो म्हणून होतो, पण मिरचीचा भाव दरवर्षी तोच राहत नाही. किंमत, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम तारीख या जागा फाइलमध्ये कोऱ्या ठेवून नंतर शिक्का मारणे सोयीचे. नुसते ‘बेस्ट बिफोर’ आता पुरत नाही, अंतिम तारीख लागतेच. किंमत शिक्क्याने येणार असेल तर प्रति ग्रॅम दरही शिक्क्यातच हवा. 250 ग्रॅमची बरणी 300 रुपयांना असेल तर तो 1.20 रुपये. आणि शिक्क्याच्या जागेवर लॅमिनेशन नको असे प्रेसला फाइलवरच लिहून द्यावे, कारण चकचकीत थरावरची शाई बोट फिरवले की पुसली जाते.